बिननावाचं गाणं

मित्रांनो, नाक मुरडणार नसाल तर सांगतो. मी एक जुना मोबाइल आहे. घाटनांदूरच्या बाजारपेठेत भांड्यांचं एक दुकान आहे. तिथल्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, एका पितळी तांब्याशेजारी मी पडलेला असतो. माझी काच तडकलेली आहे, पोटातली बॅटरी काढून घेतलेली आहे. गिऱ्हाइकं माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, हे डबडं इथं कशाला ठेवलंय? त्यांचंही खरं आहे. चकचकीत स्टीलच्या डब्यांत माझ्यासारख्या भंगाराचं काय काम? पण एके काळी माझ्या पोटात एक माणूस राहत होता. तो जिवंत नव्हता, तरी दिवेलागणीला बोलायचा. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे दिवे होते आणि हातमोजे घातलेले हात होते, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते अमरनाथने मला अंबाजोगाईहून घरी आणलं तेव्हा. त्याचे वडील कल्याणअप्पा दुकानात बसले होते. त्यांनी मला खोक्यातून काढलं, विभूतीत बोटं बुडवून माझ्या पाठीवर तीन रेघा ओढल्या, आणि मगच मला पोराच्या हातात दिलं. नवी वस्तू आली की त्या घरात आधी विभूती लावतात. त्यातले चार कण माझ्या स्पीकरच्या जाळीत गेले आणि तिथेच बसले. त्यामुळे माझा आवाज पहिल्या दिवसापासून जरा घोगरा. दुकानदाराने फसवलं म्हणून अमरनाथ कुरकुरला, पण मला त्या घोगरेपणाचा अभिमान होता.

कल्याणअप्पांचं काम तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर घरातला एखादा जुना तांब्या हातात घेऊन बघा. त्याच्या काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेलं नाव सापडेल. लग्नात कुणी दिला, कुणाला दिला, ते त्यात लिहिलेलं असतं. आमच्याकडे याला नाव घालणं म्हणतात. आता हे काम मशीन करतं. अप्पांनी मात्र छिन्नी आणि छोटी हातोडी सोडली नाही. दिवसभर त्यांची टिक टिक चालायची आणि तिच्या तालावर अख्खं दुकान चालायचं. हिशेब सांगणारा अमरनाथसुद्धा नकळत त्याच लयीत बोलायचा.

अप्पांची धाकटी मुलगी ईश्वरी. पोरगी गळा घेऊनच जन्माला आली होती. शिवभजनं म्हणायची, आणि अशी म्हणायची की समोरच्या चहाच्या गाडीवरचा पप्पू स्टोव्ह बारीक करून ऐकत उभा राहायचा. अमरनाथला पेटी बरी येत होती. त्याने माझ्यात गाणं रेकॉर्ड करायचं एक ॲप घेतलं. त्यात एकाखाली एक अशा ओळी असतात. एका ओळीत पेटी भरायची, दुसरीत टाळ, तिसरीत गळा. नको असलेली ओळ बंद करता येते. बंद केली तरी ती आतच असते, फक्त ऐकू येत नाही. सगळ्या चालू ओळी एकत्र करून जे बाहेर पडतं त्याला लोक गाणं म्हणतात. पण सगळ्या ओळींसकट मूळ मांडणी माझ्या पोटात जपलेली असते, हे लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावरच अडणार आहे.

गाताना लय सांभाळायला ॲपमध्ये एक यांत्रिक टकटक असते. अप्पांनी ती एकदा ऐकली आणि तोंड वाकडं केलं. ह्यात जीव न्हाई, म्हणाले. मग ते स्वतःच पुढे सरसावले. पितळी तांब्या उपडा घातला, छिन्नीच्या मागच्या टोकाने त्यावर ठेका धरला. तेव्हापासून प्रत्येक भजनाची पहिली ओळ अप्पांची असायची. ते आधी घसा खाकरायचे, मग म्हणायचे, "एक, दोन, तीन... हां, म्हण ईश्वरी." मग ठेका सुरू व्हायचा. मध्येच गिऱ्हाईक आलं तर ठेका न सोडता "बसा" म्हणायचे, तेही त्या ओळीत यायचं. ईश्वरी कानात इअरफोन घालून तो ठेका ऐकत गायची. गाणं पूर्ण झालं की अप्पा स्वतः सांगायचे, आता माझी ओळ बंद करा.

एकदा ईश्वरी हटून बसली. अप्पांचा ठेका इतका गोड, तो गाण्यात का ठेवायचा नाही? अप्पा हसले. "नाव घालणाऱ्याचं नाव भांड्यावर नसतं, माय," ते म्हणाले, आणि विषय मिटला.

ते माझे सुखाचे दिवस होते. महाशिवरात्रीला देवळाच्या भोंग्यावर आमची भजनं लागायची. कडा गावाहून पाहुण्यांचे फोन यायचे, पोरीने नाव काढलं म्हणायचे. लोक ईश्वरीचं कौतुक करायचे, अमरनाथच्या पेटीचं करायचे, क्वचित कुणी मोबाइलचंही करायचं. मी छाती फुगवून घ्यायचो. त्या प्रत्येक गाण्याच्या तळाशी एक माणूस गप्प बसलेला आहे, हे फक्त आम्हा चौघांना ठाऊक होतं.

मग ईश्वरीचं लग्न झालं आणि ती युसूफ वडगावला सासरी गेली. अमरनाथच्या हातून मी दुकानाच्या दगडी पायरीवर पडलो. काच तडकली, खालच्या अर्ध्या भागाला स्पर्श कळेनासा झाला, आणि वरचा अर्धा भाग कुणी हात न लावता आपोआप चालू लागला. बॅटरी फुगली. चार्जरची पिन विशिष्ट कोनात धरली तरच मी जागा राहायचो. घरात माझं नाव डबडं पडलं. मित्रांनो, कामाचा होतास तोवर हिरा आणि पडलास की डबडं, ही जगरहाटीच आहे. मी तक्रार करत नाही.

तरी पंचमीला ईश्वरी माहेरी आली तेव्हा अप्पांनी मलाच मागवलं. त्यांनी स्वतः एक भजन जुळवलं होतं. आयुष्यात पहिलंच. "रिकाम्या भांड्यात नाद तुझा, शिवा," असं त्याचं धृपद. लाजत लाजत त्यांनी सगळ्या गाण्याचा ठेका धरला आणि चाल कळावी म्हणून बरोबर गुणगुणले. ईश्वरीने गळा दुसऱ्या दिवशी भरायचा असं ठरलं. मी विचारलं, या कामाला नाव काय देऊ? माझ्यावर तशी पाटी येते. अप्पा म्हणाले, नाव उद्या घालू, गाणं पुरं तर होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा एका घागरीवर नाव कोरत बसले होते. ठेका थांबला. अमरनाथने मान वर केली तेव्हा अप्पांचं डोकं घागरीवर टेकलेलं होतं. घागरीवरचं नाव अर्धंच राहिलं.

त्या घरात मेले असं म्हणत नाहीत. लिंगैक्य झाले म्हणतात, म्हणजे शिवाशी एक झाले. अप्पांना बसवून, बेल वाहून माती दिली. माणूस शिवात मिळाला की मागे काही उरत नाही, भूत नाही की पिशाच्च नाही, असं अप्पांच्या बायकोला, दानम्मांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यांनी अश्रू गाळले, पण अप्पांना हाक मारली नाही. तसंही नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. कुणी विचारलं तर पोराकडे बोट दाखवायच्या, सांग रे बाबा तुझ्या अप्पाचं नाव म्हणून.

ईश्वरी काही दिवस माहेरीच राहिली. दिवेलागणीला ती दुकानाच्या मागच्या खोलीत मला घेऊन बसायची आणि ते बिननावाचं गाणं उघडायची. आतून खाकरणं यायचं. एक, दोन, तीन. हां, म्हण ईश्वरी. तिच्या तोंडून सूर फुटायचा नाही. ठेका सुरू व्हायच्या आतच ती मला बंद करायची आणि पुन्हा पहिल्यापासून लावायची. मी जड झालो होतो. वजन वाढलं नव्हतं, पण मी जड झालो होतो.

एका संध्याकाळी आवाज जरा मोठा झाला. दानम्मा स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि दाराशीच म्हणाल्या, "आलात?"

मग त्यांना मी दिसलो. त्या तिथेच खाली बसल्या. पाणी तांब्यात हलत राहिलं. मग त्या ईश्वरीला म्हणाल्या, "शिवात गेलेल्या मानसाला असं धरून ठिऊ न्हाई, माय. त्येंची वाट अडती. पुसून टाक त्यो आवाज."

ईश्वरीने पुसला नाही. पण तिने इअरफोन घातले आणि थोड्या दिवसांनी सासरी गेली. मला दुकानाच्या फळीवर चार्जरला लटकवून ठेवलं.

आणि मग ते सुरू झालं. दुकान बंद असायचं, आत अंधार पडत आलेला असायचा, आणि माझ्या तडकलेल्या काचेवर कुणाचंच बोट नसताना ॲप उघडायचं. घसा खाकरायचा. एक, दोन, तीन. मग बंद शटरच्या आत पितळी ठेका घुमायचा आणि मध्येच कुणालातरी "बसा" म्हटलं जायचं. पप्पूने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या हातून गाळणी पडली. "अप्पा अजून दुकानातच हायेत बे," तो गाडीवरच्या माणसांना सांगायचा. "मी ह्या कानानं ऐकलं." बातमीला पाय फुटले. दिवस मावळला की गिऱ्हाईक आमच्या पायरीवर चढेनासं झालं. कुणी लिंबू बांधा म्हणालं, कुणी परळीला जाऊन या म्हणालं. दानम्मा तडकल्या. आमच्यात भूत होत नाही, एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. पण दुकानाच्या फळीवरून मला मधल्या दाराच्या फटीतून दिसत होतं. दार लावल्यावर त्या दाराला कान लावून उभ्या होत्या.

खरं सांगू का? काच तडकली की स्पर्श आपोआप होतो, हे मला माहीत आहे. माझाच दोष तो. पण इतर कितीतरी गोष्टी माझ्यात होत्या, फोटो होते, गजर होता. दरवेळी नेमकं तेच गाणं का उघडायचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

अमरनाथ कंटाळला. बापाची दुकानात बदनामी चालली आहे, आई दिवसेंदिवस वाळते आहे, हे त्याला बघवेना. त्याने नवा मोबाइल आणला, त्यालाही विभूती लावली, आणि माझ्यातलं सगळं तिकडे हलवायला बसला. पोरगा नीटनेटका. गाण्यांच्या मूळ मांडण्या जड होत्या, भराभर जात नव्हत्या. ॲपने विचारलं, पाठवताना बंद ओळी वगळू का? अमरनाथने क्षणभरही विचार केला नाही. बंद ओळ म्हणजे नको असलेली ओळ. ती बंद करा असं तर अप्पाच सांगायचे. त्याने हो म्हटलं. प्रत्येक भजन हलकं होऊन नव्या मोबाइलमध्ये गेलं. पेटी गेली, टाळ गेले, ईश्वरीचा गळा गेला. अप्पा माझ्यातच राहिले. मग त्याने मला बंद करून गल्ल्याच्या खणात टाकलं. दोन दिवसांनी अंबाजोगाईला जाऊन मला कोरं करायचं आणि सुट्या भागांसाठी देऊन टाकायचं, असं त्याने ठरवलं. कोरं करायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. माझ्याबरोबर अप्पाही संपले असते, दुसऱ्यांदा.

त्याने मोठ्या आनंदाने ईश्वरीला फोन केला, तुझी सगळी गाणी नव्यात घेतली म्हणून. ईश्वरीने एकच विचारलं, पहिली ओळ आहे का? दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने घाटनांदूरला उतरली. चप्पल काढायच्या आधी तिने नवा मोबाइल मागितला आणि एकेक भजन उघडून पाहिलं. सगळीकडे वरची जागा रिकामी होती.

"दादा, अप्पा कुठं हायेत ह्यात?" तिने विचारलं.

अमरनाथ ओशाळला. म्हणाला, ती ओळ तर कायम बंदच असायची. आणि पुसून टाक असं आईच म्हणाली होती. दोघं आईकडे बघू लागली. मी खणाच्या फटीतून ऐकत होतो. माझा जीव त्या बाईच्या एका शब्दावर टांगलेला होता, आणि अप्पांचाही.

दानम्मांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कालपासून आवाज बंद हाय," त्या म्हणाल्या. "तरी दिवा लावला की मी पानी भरतेच. मला वाटलं हुतं, आपुन त्येन्ला धरून ठिवलंय. त्ये तर कवाच गेले. धरलंय त्येंनी आपल्याला. काढ त्यो जुना."

मला खणातून काढलं. माझं पोट इतकं फुगलं होतं की मागचं झाकण उघडं पडलं होतं. पिन कोनात धरायला दानम्मा स्वतः बसल्या. ईश्वरीने बंद ओळींसकट एकेक भजन पाठवायला घेतलं. मी तापत होतो, तरी तग धरला. एकापाठोपाठ एक अप्पा पलीकडे जात होते, खाकरत, मोजत, गिऱ्हाइकाला बसा म्हणत. एकच काम उरलं, ते शेवटचं. ईश्वरीने पाठव म्हटलं आणि माझ्यावर पाटी आली. नाव दिल्याशिवाय हे पाठवता येणार नाही.

अक्षरं माझ्या काचेच्या खालच्या भागात उमटतात. तो भाग मेलेला होता. ईश्वरीने बोट आपटलं, अमरनाथने ओलं बोट लावून पाहिलं, छिन्नीच्या टोकाने टोचूनही पाहिलं. एक अक्षर उठलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं घालणाऱ्या माणसाचं गाणं नावावाचून अडलं होतं. आणि माझी शक्ती संपत आली होती. मला सांगता येत असतं तर ओरडून सांगितलं असतं, पोरांनो, लवकर करा.

दानम्मांनी विचारलं, नुसतं वाजतंय का? वाजवायचं बटण वरच्या भागात होतं, ते चालत होतं. "मंग वाजीव की," त्या म्हणाल्या. "त्यो नवा बसू दे ऐकत."

अमरनाथने मला अप्पांच्या ठेक्याच्या पितळी तांब्याला टेकवलं, नवा मोबाइल समोर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. मग माझी कळ दाबली. माझ्या विभूती अडकलेल्या जाळीतून अप्पा खाकरले. एक, दोन, तीन. हां, म्हण ईश्वरी.

ईश्वरीचे ओठ हलले, आवाज आला नाही. ठेका सुरू झाला. यावेळी कुणी बंद केलं नाही. अप्पा एकटेच गुणगुणत पुढे निघाले होते. दानम्मांनी पिन न सोडता दुसरा हात लेकीच्या पाठीवर ठेवला.

"म्हन की," त्या म्हणाल्या. "थांबलेत त्ये."

आणि ईश्वरी गायली. रिकाम्या भांड्यात नाद तुझा, शिवा. बाप गुणगुणत होता आणि लेक गात होती. त्यात रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज मिसळला, दानम्मांच्या बांगड्या मिसळल्या, पलीकडे पप्पूने स्टोव्ह बारीक केला तेही मला कळलं. मी माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं त्या आवाजात घातलं. शेवटचा ठोका पडला, तो पितळेत विरत गेला, आणि माझ्यापुढे अंधार झाला.

माझी काच पुन्हा कधी उजळली नाही. पण कान शाबूत होते, म्हणून पुढचं ऐकलं. नव्या मोबाइलने त्याच्या कोवळ्या स्वच्छ आवाजात टिंग केलं आणि विचारलं, नाव काय? ईश्वरीने ते वाचून दाखवलं. अमरनाथने सुचवलं, धृपदाची ओळच घालूया. तेवढ्यात दानम्मा बोलल्या. आवाज लहान होता, पण दोन्ही पोरांनी ऐकला.

"कल्याणराव," त्या म्हणाल्या. "कल्याणराव घाल."

अमरनाथने तेच लिहिलं. मग अप्पांची छिन्नी घेऊन त्या पितळी तांब्यावरही तेच कोरलं. अक्षरं वाकडी आली आहेत, ठिपके काही खोल, काही उथळ. अप्पांनी पाहिलं असतं तर कान पिळला असता. त्या तांब्याशेजारी मला ठेवलं आहे. अर्ध्या नावाची घागर खालच्या फळीवर आहे, ती विकायची नाही असं ठरलं आहे.

आता मी रिकामा आहे. माझ्यात काही उरलं नाही, म्हणजे उरायला नको. परवा दिवेलागणीला दुकानात कुणी नव्हतं. नवा मोबाइल गल्ल्यावर होता. त्याची काच अखंड आहे, कुठे ओरखडासुद्धा नाही. आणि त्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. पप्पू चहाचा ग्लास घेऊन पायरीवर आला होता, तो तिथेच थिजला. दानम्मा आतून पाणी घेऊन आल्या. पप्पूने विचारलं, मावशी, तुम्हाला भ्या न्हाई वाटत?

"घरच्या मानसाचं कसलं भ्या," म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या गल्ल्यापाशी ठेवला आणि दिव्याची वात पुढे सारली.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस जुना मोबाइल टाकून नवा घ्याल. जरूर घ्या, मला राग नाही. फक्त जुन्याला कोरं करायच्या आधी एकदा थांबा. जे चालू आहे ते तर सगळेच उचलतात. जे बंद करून ठेवलेलं आहे, ते एकदा उघडा आणि कान द्या. आत कुणी असेल तर ते फार काही मागणार नाही. फक्त हां म्हणेल, आणि तुमच्या सुराची वाट बघत बसेल.